साक्ष

आमच्या देवळात (आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो) रविवारी पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग कुणीतरी उठतं. कुणाची गाठ विरघळलेली असते, कुणाला बऱ्याच वर्षांनी मूल झालेलं असतं. सगळे 'आमेन' म्हणतात. मीही म्हणतो.

सोमवारी मी पुन्हा इंजिनिअर असतो. प्रोग्रॅममधली एखादी चूक एकदाच दिसते आणि काही केल्या पुन्हा घडत नाही, तेव्हा आम्ही तशी नोंद करून तिकीट बंद करतो. तिथे 'चमत्कार' असं कुणी लिहीत नाही. ऑफिसातला माझा मित्र दाभोलकरांची पुस्तकं वाचून मोठा झालेला. तो विचारतो, "तुझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र राहतात कशा?"

त्याला वाटतं तेवढं मला ते अवघड गेलेलं नाही. मार्च 2012 मध्ये मी दहावीची परीक्षा देत होतो. तेव्हाच मुंबईत, विलेपार्ल्याच्या इर्ल्यात, वेलांकनी मातेच्या चर्चजवळच्या क्रुसावरून पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते बाटल्यांत भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू यांनी दाखवून दिलं, की तुंबलेल्या सांडपाण्याचं पाणी केशाकर्षणानं भिंतीतून वर चढतंय. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच ते. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना फिनलंडला जावं लागलं. मला लाज वाटली ती त्या पाण्याची नाही, तक्रारींची.

खुद्द कॅथलिक चर्च याबाबतीत किती कंजूष आहे, हे मला नंतर कळलं. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 पासून बरं झाल्याचे हजारो दावे आले, चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केले ते 70 च्या आसपास. आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही मी वाचलाय. प्रार्थनेला त्याची हरकत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्याला, पैसे उकळणाऱ्याला तो पकडतो. माझी त्याला पूर्ण संमती आहे.

माझी अडचण निराळीच आहे.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. तो चौदा वर्षांचा होता. देवळात साखळी प्रार्थना झाल्या, उपास झाले. आम्ही प्रोटेस्टंट, मूर्तीपुढे नवस बोलणं आमच्यात बसत नाही. तरी आई नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात जाऊ लागली. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते, सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. त्या गर्दीत आई मेणबत्ती घेऊन रांगेत उभी राहिली. मे महिन्यात भाऊ गेला.

त्याच वॉर्डात, पलीकडच्या खाटेवर, येवल्याकडचा एक मुलगा होता. त्याची आईही बाळ येशूला जायची. तो बरा झाला. वर्षभरानं ती बाई पेढे घेऊन आमच्या घरी आली. "बाळ येशूनं राखलं हो ताई," म्हणाली आणि मग आपण कुठे बोलतोय हे लक्षात येऊन रडू लागली. आईनं तिला जवळ घेतलं. पेढा खाल्ला.

ती गेल्यावर मी आईवर चिडलो. म्हणालो, "वाचलेल्यांचीच गोष्ट सांगितली जाते, गेलेल्यांना कोण मोजतं? मग चमत्कार वाटणारच." आई भांडी आवरत होती. म्हणाली, "अरे, पण तिचं लेकरू वाचलं ना."

माझं गणित बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण त्या दिवशी मला त्या मुलाचं वाचणं खुपत होतं आणि आईला खुपत नव्हतं, हेही तितकंच खरं.

पुढच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि आई उठली. माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "माझ्या लेकरासाठी तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. तो गेला. मी देवावर रागावले आहे. तरी इथं येते. एवढीच साक्ष." आणि खाली बसली.

कुणाला 'आमेन' म्हणावं की नाही ते कळेना. पाळकसाहेबही थांबले. मग त्यांनी उपदेशाचा ठरलेला भाग बाजूला ठेवला आणि गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचला: येशूनं प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. ही गोष्ट चारांपैकी तीन शुभवर्तमानांत आहे. ज्यांनी येशूचे चमत्कार लिहून ठेवले, त्यांनीच ही न ऐकली गेलेली प्रार्थनाही लिहून ठेवली. गेलेल्यांना मोजलं होतं तर.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यानं काहीच सिद्ध होत नाही." मी म्हणालो, "नाही होत."

त्या रविवारनंतर आमच्या देवळात दोघंतिघं असे उठले, ज्यांचं मागणं पुरं झालं नव्हतं. यंदाच्या यात्रेला आईला मीच गाडीवर घेऊन गेलो. तिनं दोन मेणबत्त्या लावल्या. दुसरी कुणासाठी, मी विचारलं. येवल्याच्या त्या मुलाची बारावीची परीक्षा होती.