आजोबांनी सोडलेले कातडे

माझ्या घराची चूल तीस वर्षे खोगिरांवर पेटली, असे सांगितले की आपल्यातले पुष्कळजण गप्प होतात. चामड्याचे काम म्हटले की डोळ्यांपुढे गावाबाहेरचा वाडा आणि ओढून नेलेले मेलेले ढोर उभे राहते. ते साहजिक आहे. म्हणूनच या कामाविषयी मोकळेपणाने लिहावेसे वाटले.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मेलेली गुरे ओढण्याचे काम आमच्या वाड्याकडे होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा आणि मानाने जगण्याचा उपदेश केला. तो निरोप गावोगाव फिरत आमच्याकडे पोचला आणि आजोबांनी ढोराला हात लावणे बंद केले. गावाने त्यांना मजुरीला बोलावणे सोडले. आजी सांगायची, त्या साली अंबाडीची भाजी खाऊन दिवस काढले.

कातडी, शिंगे आणि हाडे यांचे उत्पन्न महार लोक उगीच बुडवतात, असा हिशेब त्या काळी वर्तमानपत्रातून मांडला जाई. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण काढली. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मी पैसे देतो, असे त्यांचे उत्तर होते. ते काम घ्यायला कोणी पुढे आले नाही.

वडील फौजेत होते. त्यांच्या नोकरीमुळे आम्ही कानपूरला आलो. फौजेच्या घोड्यांसाठी इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात तिथे खोगिरांचा कारखाना काढला आणि शहरात हा धंदा वाढला. १९७९ साली मी एका लहान खाजगी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. आई म्हणाली, "तुझ्या आज्यानं उपाशी राहून जे सोडलं, ते तू पुन्हा हातात घेणार?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. कामाने ते हळूहळू शिकवले.

खोगिराचे कातडे घाईने होत नाही. आधी मीठ लावलेले कातडे पाण्यात भिजवतात, मग चुन्यात ठेवतात म्हणजे केस सुटतात. मांस खरवडून चुना धुऊन काढला की ते बाभळीच्या सालीच्या पाण्यात जाते. आधी पातळ पाणी, मग घट्ट. थेट घट्ट पाण्यात टाकले तर वरचा थर आवळतो आणि आतला गाभा कच्चा राहतो. याला कित्येक आठवडे लागतात. शेवटी चरबी आणि तेल मुरवतात. क्रोमच्या क्षारांनी कातडे फार लवकर कमावता येते, पण त्यावर नक्षी नीट धरत नाही. दाबलेले ठसे पुन्हा वर येतात. सालीत कमावलेले चामडे ओलसर असताना दाबले की खूण धरून ठेवते.

नक्षीआधी चामडे ओले करून रात्रभर गुंडाळून ठेवायचे. सकाळी वरचा रंग सुकल्यासारखा दिसावा, पण गालाला लावले तर गार लागावे. ती वेळ साधली की सुरीने फुलापानांच्या रेषा कापायच्या आणि ठशांनी कडा दाबायच्या. जास्त ओले असेल तर रेष पसरते, कोरडे असेल तर ठसा उमटत नाही. अमेरिकी पद्धतीच्या खोगिरावर अशी फुले असतात. इंग्रजी खोगीर साधे, कडेला फक्त एक रेघ.

रिकिबीचे पट्टे पाठीच्या चामड्यातून कापायचे, पोटाचे चामडे ताणते. शिलाई एकाच मेणलावल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून. आरीने भोक पाडले की दोन्ही सुया त्यातून समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. उस्ताद म्हणत, "इस टांके पर किसी की जान बैठती है." तंगाचा पट्टा सुटला तर स्वार घोड्याखाली जातो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

हे ज्ञान कोणाचे? ढोर आणि चांभार बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या नाक दाबणाऱ्या गावासाठी सांभाळलेले. पायात चप्पल हवी, पाण्याला मोट हवी, पण ती करणाऱ्याची सावली नको, असा तो व्यवहार होता. आजोबांनी सोडली ती जन्माने गळ्यात बांधलेली वेठ. मी घेतले ते मोबदला ठरवून घेतलेले काम. पटले नाही तर दुसऱ्या दिवशी सोडण्याची मला मुभा होती, आजोबांच्या बापाला ती नव्हती. सगळा फरक या मुभेत आहे. पुढे आईलाही ते पटले. माझ्या हातचा कमरपट्टा वडिलांनी शेवटपर्यंत वापरला, तो तीच तेल लावून ठेवी.

ही वेठ संपली असे मात्र कोणी समजू नये. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना भररस्त्यात मारले गेले. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली आणि उचलायला नकार दिला. आजोबांचाच तो नकार, नव्वद वर्षांनी.

तेव्हा घरातल्या मुलाने किंवा मुलीने चामड्याचे काम शिकायचे म्हटले तर लाजू नका, आणि केवळ बापाचा धंदा म्हणून कोणाच्या माथी मारूही नका. शिकायचेच तर रीतसर शिकू द्या. चेन्नईला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, तिथे हेच काम विज्ञान म्हणून शिकवतात. मूल कामाला लागले की दोन गोष्टी तेवढ्या विचारा: दाम ठरवताना तुझे तोंड चालते का, आणि उद्या नको म्हणायची मोकळीक आहे का? दोन्हींना होकार आला, तर त्याच्या हाती आरी द्यायला हरकत नाही.