मी जाते!

आमच्या बंडोपंतांना साडेतिसाव्या महिन्यापासून अस्खलित मराठी येऊ लागले आणि माझ्यामागे एक नवीच काळजी लागली. कारण हे सगळे मराठी स्त्रीलिंगी होते! "मी जेवते," "मी आंघोळ करत नाही, मी खेळते," आणि सर्वांवर कडी म्हणजे, "मी मोठी झाले की पोलीस होणार!" पोलीस होऊ पाहणाऱ्या माणसाने 'मोठी झाले की' म्हणावे, हे कोणत्या बापाला रुचेल? शेजारच्या काकू तर त्याला मुद्दाम जिन्यात अडवीत. "काय बंडू, कुठे निघालास?" आणि हे रत्न छाती पुढे काढून सांगे, "मी भाजीला जाते!"

मराठीने ही पंचाईतच करून ठेवली आहे. इंग्रजांचे पोर 'आय गो' म्हटले की सुटते. आपल्याकडे क्रियापदालाही लिंग सांभाळावे लागते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करून मोठ्यांची सोय केली खरी. पण बंडूचे व्याकरण स्वतंत्र होते. 'बसणे'चे 'बसले', तर 'जाणे'चे 'जाले' का नाही? 'मारणे'चे 'मारलं', तर 'करणे'चे 'करलं' का नाही? मला उत्तर सुचेना.

ते एका पुस्तकात सापडले. अमेरिकेतील जीन बर्को या विदुषीने 1958 साली लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले. 'हा वग' असे त्याचे बनावट नाव सांगितले, आणि मग तसे दोन प्राणी दाखवून विचारले, "आता हे काय?" जन्मात न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. म्हणजे मुले नुसती पोपटपंची करीत नाहीत. ऐकलेल्या बोलण्यातून नियम शोधून काढतात, आणि चुकतात ती त्या नियमाला आपल्यापेक्षा जास्त इमानी राहिल्यामुळे! हे वाचल्यावर 'जाले' आणि 'करलं' यांचा मला अभिमानच वाटू लागला. पण 'मी जाते'चे काय?

एका रविवारी मी शिकवणी सुरू केली.

"हे बघ, आई म्हणते 'जाते'. मी म्हणतो 'जातो'. तू कोण?"

"बंडू."

"ते खरं. पण तू मुलगा ना? मग माझ्यासारखं बोलायचं. आईसारखं नाही."

"का? आई चुकते?"

स्वयंपाकघरात पातेले जरा जोरातच आपटले. धडा तिथेच आटोपता घ्यावा लागला.

माझी आई शेंगा सोलत हे ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, त्याला कशाला छळतोस? शाळेत जाईपर्यंत तूही 'मी आले, मी गेले'च करायचास. दिवसभर ज्याचं बोलणं कानांवर पडतं, तेच पोर उचलतं. तुझे वडील घरी यायचे तेव्हा तू झोपलेला असायचास."

ती सहज बोलून गेली, आणि मीही ते सहजच विसरलो.

पुढे दिवाळी आली. आठवडाभर बंडूचे एकच टुमणे, "बाबा, किल्ला करू या?" कचेरीतून आल्यावर, बूट काढता काढता माझेही उत्तर ठरलेले. अखेर इमारतीतल्या मोठ्या मुलांनी त्याला चार विटा नि एक पोते दिले, आणि महाशयांनी स्वतःच काम सुरू केले. धनत्रयोदशीला मी लवकर सुटलो. अंगणात येऊन मोठ्या उत्साहाने म्हणालो, "चला बंडोपंत, बघू तुमचा किल्ला!"

कोपरापर्यंत चिखलात बुडालेल्या बंडूने मान वरसुद्धा केली नाही.

"आत्ता नको. मी दमलो आहे. नंतर बघू."

मी दमलो! स्वच्छ, शुद्ध, पुल्लिंगी! खुद्द तर्खडकरांनी पाठ थोपटावी असे वाक्य. ज्या रूपासाठी मी इतकी डोकेफोड केली, ते पोराने माझ्याकडूनच उचलले होते. माझ्या तोंडून त्याने सर्वांत जास्त वेळा ऐकलेल्या वाक्यातून. आईकडून त्याने अख्खी भाषा घेतली होती. माझ्याकडून एवढीच तीन वाक्ये.

मी बाह्या वर सारल्या. "दमलेल्या माणसाला मदतनीस हवा का?"

त्याने मला नीट न्याहाळले. "चिखल कर," तो म्हणाला.

मी चिखल केला. पोते भिजवून विटांवर पसरले, त्यावर चिखल लिंपला, उतारावर हळीव पेरले, वाटी पुरून तळे केले. महाराज सिंहासनावर बसले. गेल्या वर्षी हात मोडलेल्या मावळ्याला बंडूने दरवाजावर पहारा दिला, कारण "तो पळून जाणार नाही." हत्ती नव्हता, म्हणून गडावर एक मालमोटार चढली. अंधार पडल्यावर बुरुजावर पणती ठेवली, आणि दोघेही बराच वेळ काही न बोलता बघत बसलो.

जिना चढताना तो माझ्या खांद्यावर पेंगत होता. डोळे मिटूनच म्हणाला, "बाबा, उद्या मी हळिवाला पाणी घालते हं."

दारात सौ. उभी होती. आता मी चूक सुधारतो की काय, म्हणून माझ्याकडे बघू लागली.

"घाल हं बाळा," मी म्हणालो. "मी पण तुझ्याबरोबर येते."

मागे कोणीतरी खुदकन हसले. शेजारच्या काकू जिन्यातच होत्या.