तोजी आणि मुकादम

फेब्रुवारी. साइजोहून भाचीचा फोटो आला. हिरोशिमाजवळच्या या गावात साकेचे जुने कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. पांढऱ्या भिंती, लाल विटांच्या उंच चिमण्या. एका दारावर डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला. नवी साके निघाली की हिरवा गोळा लावतात. साके मुरत जाते तसा तो तपकिरी होत जातो. पाटी वाचायची गरजच नाही. झाडाचं नाव सुगी. आपल्या सुगीशी त्याचं काही नातं नाही, पण शब्द कानाला घरचा वाटला. खाली तिचा प्रश्न : ‘मामा, वणीत असं काही आहे का?’

*

बाहेरच्यांना वणी म्हणजे देवीचा गड. ‘वणीला जाऊन आलो’ म्हणणारे बहुतेक जण गाव न बघता नांदुरीकडे गेलेले असतात. गड कळवण तालुक्यात, गाव दिंडोरीत. बाकी जुनेपणात आम्ही कमी नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० चा ताम्रपट वणीच्या नावाने ओळखला जातो. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगल फौजेला याच मुलखात हरवलं. ती वणी-दिंडोरीची लढाई.

वाइन मात्र कालची. नाशिकला सुलाची पहिली बाटली २००० साली निघाली. माझी मोटारसायकल तिच्याहून एका वर्षाने मोठी.

*

नावांची गंमत. सुला हे संस्थापक राजीव सामंतांच्या आईच्या नावावरून, सुलभावरून. यॉर्क वायनरी म्हटलं की इंग्लंड आठवतं, पण त्यात योगिता, रवी आणि कैलाश ही भावंडं दडलेली आहेत. आपल्याकडे ट्रकच्या मागे लिहितात तसंच.

दिंडोरीत तर एका रस्त्याने स्वामी समर्थांच्या केंद्राचे सेवेकरी येतात आणि त्याच तालुक्यात शांपेनच्या पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, शांदों कंपनीची फसफसती वाइन होते. ही २०१३ पासूनची गोष्ट. दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

*

साके आणि वाइन यांतला फरक बायकोला सांगत होतो. द्राक्षात साखर आयती असते. यीस्टने ती खायची आणि अल्कोहोल करायचं. तांदळात साखर नाही, पिठूळपणा आहे. म्हणून जपानी लोक वाफवलेल्या तांदळावर आधी बुरशी वाढवतात. तिचं नाव कोजी. ती पिठाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं एकाच वेळी.

‘बुरशी मुद्दाम?’ बायको म्हणाली. म्हटलं, मुद्दाम. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने या विद्येची वारशात नोंदही केली. शिवाय दाइगिंजो, म्हणजे वरच्या दर्जाची साके, म्हणवायचं तर तांदूळ निम्मा तरी घासून काढावा लागतो. यावर ती जास्त हळहळली. निम्मा तांदूळ!

*

एका वायनरीत चाखायला गेलो. बरोबर बागायतदार मित्र. टेबल ग्रेपवाला. सोनाका, थॉमसन. वाइनचे घड पाहून त्याचं तोंड वाकडं : बारके मणी, जाड साल, आत बिया. ‘हे बाजारात नेलं तर हाकलतील.’ फुगवायला मणी औषधात बुडवत नाहीत हे ऐकून मात्र खर्चाचा हिशेब करू लागला.

आत पोलादी टाक्या, भोवती गार पाणी खेळवलेलं. लाकडी पिंपं मोजकीच. मग सॉव्हिन्याँ ब्लांचा ग्लास. कसला वास येतो, असं गाइडने विचारलं. कुणी लिंबू म्हणालं, कुणी पेरू. मित्र म्हणाला, ‘नुकत्या कापलेल्या घासाचा.’ लसूणघास, गुरांचा. लोक हसले. गाइड हसला नाही. हिरव्या, कापल्या गवताचा वास हीच या द्राक्षाची ओळख, म्हणाला.

*

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आमची झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने वर्ष शिकवावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळासाठी. तोडणी जानेवारी ते मार्च. छाटणी दोनदा, पीक एकदाच. कुठल्या डोळ्यावर काप घ्यायचा, हे चुकलं तर पुढे टाकी कितीही गार ठेवा, उपयोग नाही.

ती कात्री चाखायच्या सहलीत कुणी दाखवत नाही.

*

सकाळी सात, वणी स्टँड. सुरगाणा, पेठकडून येणारी माणसं पिकअपमधून उतरतात. घरची नागली, भात आवरलेलं असतं. मग टोळी करून खाली द्राक्षात. काम एकरी उक्तं. पुढे मुकादम. कात्री ज्याची त्याची, फडक्यात गुंडाळलेली.

वाचलं ते असं : जपानात साके करणारेही मूळचे शेतकरीच. तान्बाच्या डोंगराळ भागातले लोक भात काढून झालं की हिवाळ्यात नादा इथल्या साकेच्या कारखान्यांत उतरायचे, वसंतात घरी परतायचे. त्यांच्या म्होरक्याला तोजी म्हणतात. तान्बाचे तोजी, नान्बूचे तोजी, एचिगोचे तोजी : मुलखाच्या नावाने घराणी झाली. साके चांगली निघाली तर तोजीचं नाव होतं.

फरक आहे, मान्य. तोजीच्या ताब्यात पिंप असतं, आमच्या मुकादमाच्या ताब्यात फक्त वेल. तरी डोंगर तोच, भातही तोच. ‘सुरगाण्याची छाटणी’ असं बाटलीवर छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

*

मित्र चैत्रात गडावर जाऊन आला. त्याआधी आठ दिवस ग्लासाला हात नाही. का, म्हटलं. ‘आई बघते.’ आणि इतर वेळी? ‘इतर वेळी गडावरच असते ना.’

*

एप्रिल. खरड छाटणी संपत आली. संध्याकाळी स्टँडवर पिकअप उभी होती. टपावर छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या, घरच्या चुलीसाठी. खालच्या वाळून तपकिरी, वरच्या आज कापलेल्या, अजून ओलसर. मुकादमाला विचारून फोटो काढला आणि भाचीला पाठवला.

‘हे काय?’ तिने विचारलं.

लिहिलं : तुझ्या गोळ्यासारखंच. फक्त दारावर नसतं, सुरगाण्याला जातं.