एका दिवसाचा निरोप

कुपी उजेडाकडे धरली तरी आत काही दिसत नाही. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे तळाशी धरलेला पांढुरका थर, तोही नीट पाहिला तर. कुपी रिकामीच आली की काय म्हणून नवी मुलं घाबरतात. मी सांगते, लगेच उघडू नका. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, झाकणाला चिकटलेलं तळाशी येऊ दे. मग बफर कडेकडेनं सोडायचा, जोरात हलवायचं नाही. थोडं अल्ब्युमिन घालायचं, नाहीतर बराचसा ऐवज प्लॅस्टिकलाच चिकटून बसतो. शेवटी छोट्या नळ्यांत वाटून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. लेबलवर लिहिलेलं असतं : रिकॉम्बिनंट ह्यूमन एफजीएफ-२, फक्त संशोधनासाठी.

पेशींना निरोप देणारं हे प्रथिन माणसाचं, पण ते घडवलेलं असतं ई. कोलाय जिवाणूनं. आपल्या जनुकाची प्रत त्याच्यात घालतात आणि तो बिचारा ती इमानानं वाचत राहतो. पूर्वी यासाठी गुरांचे मेंदू आणि पिट्युटरी ग्रंथी वाटाव्या लागत. डेनिस गॉस्पोडरोविच यांनी १९७४ मध्ये ते तिथूनच वेगळं काढलं होतं. आता शुद्ध करताना द्रावण हेपॅरिनच्या स्तंभावरून सोडतात. बाकीचं वाहून जातं, हे मात्र हेपॅरिनला बिलगून राहतं.

ही बिलगण्याची सवय शरीरातली आहे. आपल्या पेशींच्या भोवती हेपॅरन सल्फेटच्या साखळ्यांचं जाळं असतं. पेशीनं बाहेर सोडलेलं एफजीएफ-२ त्या जाळ्यात, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद राहावी तसं, सुरक्षित पडून राहतं आणि लागेल तेव्हा लागेल तेवढं सुटतं. मग ते शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरचे दोन ग्राहक एकत्र आणतं. ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप आत केंद्रकापर्यंत पोचतो. मला याचं सर्वांत नवल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. पेशीबाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या टोकाला तशी खूण असते. याला ती नाहीच. तरी ते पेशीच्या पटलातून थेट बाहेर पडतं. 

पेशी वाढवायच्या आमच्या बशीत तसं जाळं नाही. तिथं प्लॅस्टिक, माध्यम आणि सदतीस अंश तापमान. त्या उबेत एफजीएफ-२ची घडी मोडत जाते आणि दिवसभरात त्याचा जोर बराचसा ओसरतो. म्हणून माध्यम रोज बदलायचं. मिलिलिटरला शंभर नॅनोग्रॅम या हिशेबानं अर्ध्या लिटरात एक अख्खी कुपी संपते. गणपती असो, दिवाळी असो, पेशींना सुट्टी नाही. रविवारी गेटवरचे काका कन्नडमधून विचारतात, "भानुवारानू बंद्रा, मॅडम?" रविवारीही आलात? मी हसून मान हलवते.

या पेशी मानवी मूळपेशी. अजून काहीच न ठरलेल्या. हृदयाच्या होतील, मज्जेच्या होतील. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये त्या पहिल्यांदा भ्रूणातून वेगळ्या करून वाढवल्या. आमच्या या बंगळुरातही जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात डॉ. मनीषा इनामदार आणि सहकाऱ्यांनी अशा पेशींच्या दोन ओळी तयार केल्या, बीजेएनहेम-१९ आणि २०. त्याचा शोधनिबंध २००९ मध्ये आला. ज्या भ्रूणांपासून त्या निघाल्या ते प्रतवारीत मागे पडलेले, वंध्यत्वावरच्या उपचारात टाकून दिले जाणारे होते. दोन्ही ओळी एकमेकींची भावंडं. त्या शोधनिबंधाबद्दल मला फार आदर आहे. दुसऱ्यांनी टाकलेल्यात इतकं काही शिल्लक आहे हे ओळखायला नजर लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली चांगली वसाहत घट्ट दिसते, कड रेखीव. निरोप पुरेसा मिळाला नाही की आधी कड विसकटते. एखादी पेशी पसरते, चपटी होते, मग तिच्या शेजारची. माणसाच्या मूळपेशींना एफजीएफ सांगतं, आहात तशाच राहा. उंदराच्या मूळपेशींना त्याच घराण्यातला निरोप पोचला, तर त्या आपलं बालपण सोडून पुढच्या वाटेला लागतात. निरोप तोच, ऐकणारा वेगळा. इतक्या वर्षांनंतरही हे वाचताना मी थांबते.

आता काही अमिनो आम्लं बदलून टिकाऊ एफजीएफ-२ बनवलं गेलं आहे. ते सदतीस अंशांतही कितीतरी दिवस तग धरतं. येत्या महिन्यात एकाच ओळीच्या पेशी आम्ही जुन्या आणि नव्या प्रथिनावर शेजारी शेजारी वाढवणार आहोत आणि वसाहतींच्या कडा रोज तपासणार आहोत. दोन्हीकडे त्या सारख्याच रेखीव राहिल्या, तर माझ्या विद्यार्थ्यांना त्यांचे रविवार परत मिळतील. ते मिळावेत असं मला मनापासून वाटतं.