समुद्र कोणत्या महिन्यात असतो?

समुद्रकिनारी चार दिवस काढायला वर्षातला उत्तम काळ कोणता, या विषयाचा मी सलग सोळा वर्षे अभ्यास केला. एवढ्या मुदतीत बँकेत ठेवलेली रक्कम दुपटीच्या वर जाते. माझं ज्ञान मात्र मुद्दलालाच राहिलं. अर्थात मी साधा बी.कॉम. माणूस, त्यातून राहायला सोलापुरात, म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर. एवढ्या लांबून अभ्यास करायचा तर वेळ लागणारच.

सोलापूरकराचं पाण्याशी असलेलं नातंही जरा निराळं असतं. आमच्याकडे नळाला पाणी कोणत्या वारी येणार हे पाहून साखरपुड्याची तारीख धरतात. सिद्धेश्वराचा तलाव, कंबर तलाव, हिप्परगा आणि फार तर उजनीचं धरण, इथे आमचा भूगोल संपतो. त्यामुळे लग्नानंतर पहिल्याच वर्षी हिनं जेव्हा "अहो, एकदा समुद्राला जाऊ या की" असं म्हटलं, तेव्हा मी चटकन होकार दिला आणि पुढे म्हणालो, "फक्त सीझन बघून जाऊ."

ते "फक्त" पुढे सोळा वर्षं चाललं.

स्थळाबद्दल वाद नव्हता. गणपतीपुळे. आईला देव, पुढे चिरंजीवांना वाळू, हिला स्वयंपाकाला सुट्टी आणि मला (बाहेरगावी) सुरमई. एका जागेत चार खाती उघडणारं असं ठिकाण दुसरं नाही. प्रश्न होता तो महिन्याचा. एके दिवशी काउंटरवर गर्दी नव्हती, तेव्हा मी विथड्रॉवल स्लिपच्या पाठीवर बारा रकाने आखले आणि एकेका महिन्याची छाननी सुरू केली.

जानेवारी उत्तम. हवा छान, समुद्र शांत. पण जानेवारीत आमच्याकडे गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या अक्षता, नंदीध्वजांची मिरवणूक, शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत सोलापूर सोडून जाणारा माणूस एक तर बदलीवर असतो किंवा फरार. त्यात हुरड्याचे दिवस. हुरडा आणि शेंगाचटणी सोडून वाळूत जाऊन बसायचं, हे पटत नाही. फुली.

फेब्रुवारीत परीक्षा. मुलाची नसली तर भाच्याची, भाच्याची नसली तर शेजारच्यांची. त्यांच्या घरी कोण जाणार डबा घेऊन? फुली. मार्चबद्दल बँकवाल्याला विचारू नये. ३१ मार्चला घरचं कार्य काढलेल्या एका सहकाऱ्याला साहेबांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आणि १ एप्रिलला बँक बंद असते ती लोकांना. आम्ही आतच असतो.

मग येतो मे महिना. शाळांना सुट्टी, आंबे, सगळं जमून येतं. ते सगळ्या महाराष्ट्राचं एकदमच जमून येतं, ही त्यातली गोम. आमचे एक शेजारी मे महिन्यात कोकणात जाऊन आले. मी विचारलं, "उन्हाचं कसं काय?" म्हणाले, "ऊन काहीच नाही हो, तेहतीस-चौतीस." आम्ही त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्ये वाळणारी माणसं, तेहतीस म्हणजे आम्हाला थंड हवेचं ठिकाण. "पण," ते पुढे म्हणाले, "तीन दिवस बनियन वाळला नाही." सोलापुरात घाम आला की वाऱ्यावर उडून जातो आणि जाताना अंगाला थोडा गारवा देऊन जातो. कोकणच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं, की तिला तुमचा घाम घ्यायला जागाच नसते. तो परत तुमच्याच खात्यावर जमा. शिवाय लॉजचे दर दुप्पट, आणि ताटावर बसलेल्या माणसाच्या मागे नंबर लावून उभं राहायचं ते वेगळंच. फुली.

जूनपासून समुद्राचंच क्लोजिंग सुरू होतं. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, वॉटर स्पोर्ट बंद, किनाऱ्यावर इशाऱ्याचे फलक. (आता तर २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. त्याच वर्षी पावसानं २६ मेलाच मुंबई गाठली होती. म्हणजे सोलापूरकराची समुद्रापर्यंत उडत जाण्याची सोय झाली ती नेमकी समुद्रानं दार लावून घेतल्यावर!) जुलैत आषाढी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे त्या महिन्यात आम्ही कुणाकडे जात नाही. सगळे आमच्याकडे येतात. ऑगस्टमध्ये श्रावण. नारळी पौर्णिमेला दर्या मोकळा होतो, पण आमच्या घरात तोंडाला कुलूप. सप्टेंबरात गणपती; अख्खी मुंबई कोकणात उतरते आणि एसटीत उभं राहायलाही रिझर्व्हेशन लागेल अशी स्थिती होते. त्यापाठोपाठ ३० सप्टेंबरची सहामाही. ऑक्टोबरात नवरात्र, मग कोजागरीला चालत तुळजापूर. नोव्हेंबरात दिवाळी. डिसेंबरात नाताळ आणि एकतीस तारीख, त्या वेळी खोलीचा एका रात्रीचा दर ऐकून मला वाटलं खोली विकायलाच काढली आहे.

बारा रकाने, बारा फुल्या. इतका काटेकोर टॅली आमच्या शाखेत पुन्हा झाला नाही.

बरं, सल्ला देणारे कमी नव्हते. साहेब म्हणत, "हिवाळ्याशिवाय जाऊ नका." पासबुक भरून घ्यायला येणारे एक निवृत्त मास्तर म्हणत, "समुद्र बघावा तो पावसाळ्यातच. एरवी तो नुसता पडलेला असतो." मी दोघांचंही ऐकून घेत असे आणि रजेच्या अर्जावर सही न करता घरी येत असे. एलएफसीचा चार वर्षांचा ब्लॉक संपत आला की त्याचे रोख पैसे घेत असे. एका ब्लॉकचा फ्रीज झाला. दुसऱ्याचं घराचं वॉटरप्रूफिंग. अशा रीतीनं समुद्र बघायच्या पैशांतून आम्ही पाणी घरात शिरू नये याची व्यवस्था केली.

या सगळ्यात आईनं कधी तोंड उघडलं नाही. ती सांगोल्याकडची. बाहत्तरच्या दुष्काळात एकोणीस वर्षांची पोर असताना तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आणि तिथे मिळणारी सुकडी खाल्लेली. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा वडील गिरणीत मागावर होते. तिला समुद्र बघायचा होता, हे मला फार उशिरा कळलं. तेही वडिलांच्या एका जुन्या वाक्यावरून. वडील म्हणायचे, "गिरणीला जरा सलग सुट्टी लागली की जाऊ." पुढे गिरणीला अशी सुट्टी लागली की ती संपलीच नाही. सोलापूरच्या एकेका गिरणीचा भोंगा बंद होत गेला, तसा त्यांचाही झाला. मग वेळच वेळ होता, आणि जायला पैसे नव्हते. वडील गेले ते समुद्र न बघताच. म्हणजे महिना ठरवण्याचा हा रोग आमच्याकडे वडिलोपार्जित आहे.

२०२३ साली मात्र ग्रहमान फिरलं. त्या वर्षी अधिक श्रावण आला. मला आनंद झाला. बारा महिन्यांवर फुल्या मारल्या होत्या, हा तेरावा! पण तो पडला भर पावसाळ्यात, आणि त्यात बहीण आणि दाजी वाणाला येऊन आठ दिवस राहिले. तेराव्यावरही फुली मारणार, तोच कॅलेंडर उलटताना एक गोष्ट लक्षात आली. अधिक महिन्यामुळे पुढचं सगळं पुढे ढकललं गेलं होतं. गणपती १९ सप्टेंबरला, विसर्जन २८ ला, आणि पितृपक्ष पडत होता नेमका सहामाही क्लोजिंग संपल्यावर! मुंबईतून पाऊस परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, म्हणजे तोही जायच्या बेतात. नवरात्र अजून लांब. आणि पितृपक्षात शुभकार्य नाही की सहल नाही, त्यामुळे लॉज रिकामे. मी फोन केला तर लॉजवाल्यानं निम्मा दर सांगितला आणि वर "नक्की येताय ना?" असं दोनदा विचारलं.

हिनं कपाळाला हात लावला. "पितृपक्षात कुणी सहलीला जातं का? लोक काय म्हणतील?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "नवरात्रानंतर जा की, समुद्र कुठं पळून चाललाय?" मी पुन्हा विचारात पडलो. विचारात पडण्याची मला सोळा वर्षांची सवय होती. तेवढ्यात शेंगा निवडत बसलेली आई म्हणाली,

"का रं, समुद्र काय पितृपक्षात नसतोय व्हय?"

कुणी काही बोललं नाही. ती शेंगांतले खडे वेचत राहिली आणि जरा वेळानं म्हणाली, "त्यांची तिथी झाली की निघू. त्यांनी तरी कुठं बघितला हुता?"

मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

आमच्या शाखेतले हेडकॅशियर मूळचे मालगुंडचे. त्यांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, "महिना कसला बघता? समुद्राला महिना नसतो, तिथी असते. तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती पूर्ण." आता हे तर व्याजाच्या सूत्रापेक्षा सोपं. आमची तिथी अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. मधे दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तर अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यांत कमी. म्हाताऱ्या माणसाचे पाय भिजवायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. सोळा वर्षं मी इंग्रजी महिने तपासत बसलो होतो आणि समुद्र पंचांगाप्रमाणे चालत होता!

वडिलांची तृतीया झाली आणि बुधवारी रात्री आम्ही एसटीनं निघालो. कोल्हापूर, मग आंबा घाट, मग रत्नागिरी. तिथून पुढे आरे-वारेच्या रस्त्यावर टेकडी चढून गाडी वळली, आणि डाव्या हाताला खाली एकदम सगळं निळं. चिरंजीव ओरडले. ही खिडकीकडे सरकली. आई झोपली होती. हिनं तिला हलवलं, "आत्या, उठा, समुद्र आला!"

आईनं डोळे उघडले, पदर सावरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं, "ह्याचा पलीकडचा काठ कुठाय?"

"तो दिसत नाही आई."

"मग उजनीपेक्षा मोठाच म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी अष्टमी. सकाळी देवदर्शन झालं. तिथला गणपती पश्चिमेला तोंड करून समुद्राकडे बघत असतो, आणि टेकडीच देव असल्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या टेकडीला, सुमारे एक किलोमीटर. आईचे गुडघे मला माहीत होते, म्हणून मी रिक्षाचा विचार करत होतो. तोवर ती अर्ध्या वाटेवर पोचली होती. साडेअकराला आम्ही वाळूत उतरलो. हेडकॅशियरांचा हिशेब पैशाचाही चुकला नाही. पाणी दूर हटलं होतं. किनारा जवळजवळ रिकामा. आम्ही, एक उंट, एक शहाळीवाला आणि शिट्टी घेतलेला जीवरक्षक. पुळ्याचा समुद्र वरून शांत दिसला तरी पुढे एकदम खोल होतो, म्हणून मी आईचा एक हात धरला, हिनं दुसरा.

पहिली लाट घोट्यापर्यंत आली. परत जाताना पायाखालची वाळू सरकली तशी आई म्हणाली, "आगं बया, वढतंय की!" आणि हसली. मग आम्हा दोघांचे हात सोडवून घेतले, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि समोर सोडलं. असं तीनदा. मी शिट्टीवाल्याकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला. ह्यांचं पण बघून झालं."

संध्याकाळी परतीच्या पावसाची एक सर आली. त्या साली ऑगस्टमध्ये पाऊस असा दडून बसला होता, की १९०१ पासूनचा देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद झाली. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीला सांगोला धरून आमच्या जिल्ह्यातले पाच तालुके दुष्काळी जाहीर झाले. इथे मात्र लॉजच्या कौलांवरून पाण्याच्या दोऱ्या सुटल्या होत्या. मी चहा सांगून परत आलो तर आई खोलीत नव्हती. व्हरांड्यात होती. न्हाणीघरातल्या दोन्ही बादल्या तिनं वळचणीखाली लावल्या होत्या आणि तिसरी कुठून तरी पैदा केली होती.

"अहो आत्या," ही म्हणाली, "इथं नळाला चोवीस तास पाणी आहे!"

"आसंल," आई म्हणाली. "उद्या नाही आलं मंजे?"

निघायच्या दिवशी सकाळी तिन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या तशाच होत्या. लॉजवरचा मुलगा खोली ताब्यात घ्यायला आला, तेव्हा आईनं त्याला बाजूला घेऊन बजावलं, की हे पाणी वतून देऊ नको बाबा, झाडाला घाल. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या नारळीकडे पाहिलं, जिच्या बुंध्याशी गुडघाभर पाणी साचलं होतं, आणि "हो आजी" म्हणाला. आम्ही रिक्षात बसेपर्यंत तो एकेक बादली उचलून खरोखरच त्या झाडाला घालत होता.