आधी वीज, मग आग

आग लागली की पाणी ओतायचे, हा धडा आपण सगळेच लहानपणी शिकतो. गवताची गंजी पेटली, लाकडाची वखार पेटली, तर हात आपोआप बादलीकडे जातो. धडा चुकीचा नाही. पण जिथे उच्च दाबाची वीज आहे तिथे हाच धडा जीव घेऊ शकतो, आणि ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी बोलली जात नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वीज हा काही आमचा विषय नव्हे. पण आमच्या आपाचा मुलगा आयटीआय करून 33 केव्हीच्या एका सबस्टेशनवर नोकरीला लागला आणि हा विषय आमच्या दस्तरख्वानवर येऊन बसला. आठवड्यातून तीन-चार रात्री त्याची ड्यूटी असते. आपाला झोप येत नाही. "तिथं आग लागली तर हा काय करील?" हा तिचा प्रश्न. भाच्याने त्याचे जे उत्तर दिले ते आम्हाला फार मोलाचे वाटले, म्हणून वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी थोडे आकडे. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची. रस्त्याच्या कोपऱ्यावर जी डीपी असते तिच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये 11,000 व्होल्ट येतात आणि तिथून दाब कमी होऊन वीज आपल्याकडे येते. सबस्टेशनमध्ये 33,000 व्होल्ट, आणि डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या टॉवरच्या तारांत 1,32,000, 2,20,000, कुठे 4,00,000 व्होल्ट. एवढ्या दाबाच्या विजेला हात लावावाच लागतो असे नाही. फार जवळ गेले तरी ती हवेतून उडी मारून माणसाला गाठते.

दुसरी गोष्ट तेलाची. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तेल भरलेले असते. ते आतल्या गुंडाळ्या थंड ठेवते आणि वीज भलतीकडे जाऊ देत नाही. आत बिघाड होऊन ठिणगी पडली की हेच तेल पेटते. पेटलेल्या तेलावर बादलीभर पाणी ओतले तर पाणी तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते. मग ती जळते तेल चारी बाजूंना उडवते. शिवाय आपले नळाचे, विहिरीचे पाणी क्षारांमुळे वीज वाहून नेते. म्हणजे पाणी ओतणाऱ्याला एकाच वेळी दोन धोके: विजेचा धक्का आणि अंगावर उडणारे तेल.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिले ते आमच्या मोहल्ल्यात. उन्हाळा संपत आला होता. मगरिबची नमाज होऊन लोक बाहेर पडत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या डीपीत मोठा आवाज झाला आणि जाळ दिसला. तेल ठिबकत होते. पोरे मशिदीच्या हौदाकडे धावली, बादल्या भरल्या. पण डीपीच्या अलीकडे एक म्हातारे चाचा, आयुष्यभर वायरमनचे काम केलेले, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "कोणी पुढं जायचं नाही! लाइन चालू आहे!" पोरे चिडली. कोणी म्हणाले, "चाचा घाबरले." चाचा हलले नाहीत. तक्रारीचा फोन बराच वेळ लागत नव्हता, तो अखेर लागला. अग्निशमनचा बंबही आला. पण जवान उतरून उभेच राहिले. पाणी मारीनात. मग तर लोकांचा पारा चढला. "तमाशा बघायला आलात काय?" असेही कोणी ओरडले.

तो वेळ जवानांनी वाया घालवला नव्हता. त्यांनी आधी गर्दी मागे सारली. वारा कुठल्या दिशेला आहे ते पाहून त्या बाजूची दोन घरे रिकामी करवली. गटाराकडे वाहणाऱ्या तेलाला वाळूचा बांध घातला. पाइप जोडून तयार ठेवले. वीज कर्मचारी आला, त्याने पुरवठा तोडल्याची खात्री करून दिली, तेव्हाच काम सुरू झाले, आणि थोड्या वेळात आग विझली. कोणालाही इजा झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

भाचा त्या दिवशी घरीच होता. रात्री जेवताना तो म्हणाला, "मामू, आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिलं हेच सांगतात. आधी वीज, मग आग."

त्याने सांगितलेला क्रम असा. पहिले काम, जिथून वीज येते तो ब्रेकर बंद करणे आणि वरच्या सबस्टेशनला कळवणे. पण बटण दाबले म्हणजे वीज मेली असे नाही. लाइन दुसऱ्या बाजूनेही चालू असू शकते. कपॅसिटर बँकेत पुरवठा तोडल्यावरही काही काळ वीज साठून राहते. एखाद्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर तिथून वीज उलटी तारेत येते. म्हणून डिस्चार्ज रॉडने तारा जमिनीला जोडतात, म्हणजे अर्थिंग करतात. त्यानंतर जबाबदार अधिकारी परमिट देतो, की या भागात वीज नाही, आता जा. परमिट हातात आल्याशिवाय अग्निशमनचा अधिकारी आपल्या माणसांना कुंपणाच्या आत पाठवत नाही. आत गेल्यावरही धोका सरत नाही. चिनी मातीचे बुशिंग तापून फुटते आणि त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. धुरासाठी श्वसनयंत्र लावावे लागते. फेस मारून ज्वाळा दबल्या तरी तेल आतून तापलेले असते, ते पुन्हा पेटू नये म्हणून टाकी बराच वेळ थंड करत राहावी लागते. शेजारचा ट्रान्सफॉर्मरही थंड ठेवावा लागतो.

सबस्टेशनच्या अंगणात खडी का पसरलेली असते, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. भाचा म्हणाला, कोरडी खडी पायाखाली असली की जमिनीतून येणारा धक्का कमी बसतो, आणि सांडलेले तेल खडीतून खाली झिरपल्याने आग पसरत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मरमध्ये 2000 लिटरपेक्षा जास्त तेल असते त्याच्यासाठी तेल जिरवणारा खड्डा करावा, असा सरकारी नियमच आहे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये आगरोधक भिंत असते. काही ठिकाणी टाकीच्या वरच्या भागातले थोडे तेल काढून खालून नायट्रोजन वायू सोडण्याची व्यवस्था असते. त्याने तेल ढवळले जाऊन थंड होते आणि आगीला प्राणवायू मिळत नाही.

आपाचे समाधान एवढ्याने होणार नव्हते. तिच्या मनात श्रीशैलम घर करून होते. आमच्या चिपळूणच्या बाजूला पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे, तसेच एक भूमिगत वीजघर तेलंगणात श्रीशैलम धरणाच्या डाव्या तीरावर आहे. पाणी कृष्णेचे, आपल्याच महाबळेश्वरातून निघालेले. 20 ऑगस्ट 2020 च्या रात्री साडेदहाच्या सुमारास तिथे आग लागली. आतल्या माणसांनी आग आटोक्यात आणायची धडपड केली. काही जण बाहेर पडू शकले. पण बोगद्यात धूर इतका दाटला की बचाव पथकांनाही आत शिरता येईना. नऊ जण गेले. इंजिनीअर होते, कर्मचारी होते, बाहेरून कामासाठी आलेलेही होते. ती माणसे कर्तव्यावर गेली, त्यांच्या धैर्याला सलाम. त्यांनी काय करायला हवे होते हे इथे घरात बसून सांगण्याचा हक्क आम्हाला नाही.

पण आपाने त्यातून जो प्रश्न काढला तो खरा होता. ती मुलाला म्हणाली, "तू बाहेर पळालास तर लोक म्हणतील, हा डरपोक निघाला. मग तू आतच राहशील. मला याचीच भीती वाटते."

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अम्मी, वीज तोडायची, कळवायचं, आणि बाहेर यायचं. माझी ड्यूटी तेवढीच आहे. छोटी आग असेल तर सिलिंडर आहे, वाळू आहे. बंद खोलीत धूर भरला तर मी थांबणार नाही. मशीन दुसरं येतं."

आपल्याकडे हिंमत म्हटली की पुढे धावणेच डोळ्यांसमोर येते. बादली घेऊन धावणारा पोरगा बहाद्दर, आणि हात पसरून उभा राहणारा म्हातारा घाबरट. पण विजेच्या आगीत थांबायलाच जास्त हिंमत लागते. गर्दी शिव्या देत असते, जाळ डोळ्यांसमोर असतो, आणि तरी परमिट येईपर्यंत जागेवर उभे राहायचे. आपल्या बुजुर्गांनी ज्याला सबर म्हटले तो हाच.

आणखी एक गोष्ट. अशी आग विझवायचे खरे काम ती लागण्याआधी कितीतरी वर्षे सुरू होते. 20 मार्च 2025 च्या रात्री लंडनच्या पश्चिमेला हेस इथल्या नॉर्थ हाइड सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मर पेटला. त्यात सुमारे 25,000 लिटर तेल होते. दहा बंब आणि सत्तरेक जवान लागले, आसपासच्या दीडशेच्या घरात लोकांना हलवावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद राहिला. कोकणातल्या कित्येक घरांची माणसे तिकडे आहेत. आमच्या ओळखीतल्या एका घरचे पाहुणेही तेव्हा अडकले होते. जुलै 2025 मध्ये चौकशीचा अहवाल आला. बुशिंगमध्ये ओलावा शिरल्याने हे घडले असण्याची शक्यता सर्वांत जास्त, असे त्यात म्हटले होते. आणि त्या ओलाव्याची खूण 2018 च्या तपासणीतच दिसली होती. दुरुस्ती मात्र झाली नाही.

हे ऐकून भाच्याने आम्हाला त्याच्या लॉगबुकबद्दल सांगितले. दर तासाला तेलाचे तापमान, लोड, व्होल्टेज लिहायचे. ट्रान्सफॉर्मरला एक काचेची बरणी असते, तिच्यात सिलिका जेलचे निळे खडे असतात. ट्रान्सफॉर्मर आत घेतो त्या हवेतला ओलावा ते शोषतात. ते गुलाबी झाले की समजायचे, ओलावा वाढला, खडे बदलायला हवेत. तो म्हणाला, "मामू, रात्री तीन वाजता बॅटरी घेऊन मी खड्यांचा रंग बघतो." आपा हे ऐकत होती. त्या रात्री ती लवकर झोपली, असे तिनेच नंतर सांगितले.

आता वाचकांसाठी चार कामाच्या गोष्टी. डीपी किंवा सबस्टेशन पेटलेले दिसले तर लांब राहा, मुलांना लांब न्या, मोबाइलवर चित्रण करायला पुढे जाऊ नका. विजेच्या तक्रारीसाठी 1912, अग्निशमनसाठी 101, आणि कोणत्याही संकटात 112 हे नंबर घरात सर्वांना पाठ असावेत. फोनवर मोहल्ल्याचे नाव आणि डीपीवर किंवा खांबावर रंगवलेला क्रमांक सांगा, त्याने वीज लवकर तोडता येते.

तार तुटून पडली असेल तर तिच्यापासून निदान 10 मीटर दूर राहा. तारेभोवतीच्या जमिनीत वीज पसरलेली असते. दोन पाय लांब टाकले तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. म्हणून तुम्ही आधीच जवळ असाल तर धावू नका. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत मागे सरका. गाडीवर तार पडली तर गाडीतच बसून राहा, वीज तोडल्याचे कळेपर्यंत उतरू नका. कोणाला उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसला असेल तर काठीने सोडवायला जाऊ नका. सुक्या लाकडाचा उपाय घरातल्या विजेपुरता आहे, 11,000 व्होल्टला तो पुरत नाही.

घरात किंवा दुकानात जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तुमच्या घरची उलटी वीज खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते, आणि तोही कोणाचा तरी मुलगा आहे. डीपीच्या खाली कचरा, लाकडे, टपरी नको. लग्नाच्या किंवा उरुसाच्या रोषणाईसाठी तारेवर आकडा टाकणे तर मुळीच नको.

या महिन्यात एखाद्या जुम्म्याला दुपारचे जेवण झाले की मुलांना सोबत घ्या, आपल्या मोहल्ल्याची डीपी लांबूनच दाखवा, तिचा क्रमांक एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद 1912 च्या नंबरासह स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. बादली का न्यायची नाही हेही त्यांना तिथेच समजावून सांगा.