उथळ पाण्यातली वाट

दाभोळहून वाशिष्ठी खाडीत वर शिरायचं तर आधी तिथी बघावी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गावागणिक थोडं मागेपुढे. सुकती संपून पाणी नुकतंच वळलं की होडी सोडायची. मग भरती मागून ढकलत राहते आणि चिपळूणच्या बाजूला जाईपर्यंत पाणी वाढतच असतं.

चढत्या पाण्यात निघण्याला आणखी एक कारण आहे. होडी गाळात बसली तरी अर्ध्या-पाऊण तासात पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात बसली, तर पुढच्या भरतीपर्यंत चिखल बघत बसायचं. त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात कडेला चढून बसली तर फारच वाईट. पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा लहान, भांगाचं पाणी तर तिथवर पोचतही नाही. होडी दुसऱ्या उधाणाची वाट बघत पंधरवडा काढते.

मला खोल समुद्रापेक्षा हे उथळ पाणी अधिक आवडतं. समुद्रात बाहेर पडलं की पाणी आपल्याला फारसं काही विचारत नाही. खाडी दर वळणावर विचारते. सरळ काठाकाठाने जाणारी जवळची वाट बहुतेक वेळा चुकीची असते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ खातो, तिथे खोली असते. आतल्या अंगाला तो गाळ टाकत जातो. म्हणून होडी या काठावरून त्या काठावर तिरकी जात राहते. आम्ही गेलो तेव्हा आमचे तांडेलकाका नाळेवर उभे राहून वासा खाली सोडत होते. वाळू असली की वासा कुरकुरतो, चिखल असला की चिखल त्याला धरून ठेवतो. पुढे पाण्याच्या मधोमध एक बगळा उभा होता. काकांनी नुसतं बोट दाखवलं. बगळ्याच्या गुडघ्याएवढं पाणी होडीच्या काय कामाचं!

इथे घाई करून चालत नाही आणि ती न करण्यातच खरा लाभ आहे. इंजिन मंद केलं की तिवरांच्या मुळांशी उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतात. चिपीच्या फांदीवरून खंड्या सूर मारतो. मालदोलीच्या बाजूला पुळणीवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. होडीची चाहूल लागली की चिखलावरून घसरत पाण्यात जातात, मागे ओला चकचकीत पट्टा राहतो. खाजणांचे जुने बांध, कालवं काढायला गुडघाभर पाण्यात उतरलेल्या बायका, त्यांच्या कोयत्यांचा खडकावरचा टकटक आवाज... हे सगळं हाताच्या अंतरावर असतं.

आणि हीच एके काळी राजरस्त्याची जागा. दाभोळ बहामनी काळातलं नामांकित बंदर. १५ व्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघालेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन इथूनच होर्मुझकडे जाणाऱ्या गलबतावर चढला. पुढे आगबोटींच्या काळात मुंबईहून दाभोळला उतरलेली माणसं लहान लाँचने चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत जात. चाकरमानी, पेट्या, सणाचं सामान सगळं या पाण्यावरून वर चढत असे. आता दाभोळ-धोपावे फेरीबोट खाडी आडवी ओलांडते; उभ्या खाडीत माणसांची ये-जा उरलेली नाही.

गोवळकोट जवळ आलं की तिथीचं गणित थोडं ढळतं. कोयना खरं तर कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी नदी. १९६२ पासून तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, पोफळीच्या वीजगृहातली चक्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत येतं. म्हणून कोकणातल्या इतर नद्या मेमध्ये खडकांवर येतात तेव्हाही ही वाहती असते. वर जनित्रं किती चालली यावर इथल्या पाण्याचा जोर ठरतो. चंद्राची भरती खालून येते, विजेची वरून.

पण गाळही वरूनच येतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्यानंतर नदीतला गाळ उपसायचं काम सुरू झालं. ते व्हायलाच हवं होतं. माझं मागणं एवढंच, की यंत्रं उतरवण्याआधी या तांडेलांना एकदा होडीत सोबत घ्यावं. कुठलं वळण कधी भरलं, जुना प्रवाह कुठून जात होता, हे कुठल्याही नकाशाच्या आधी त्यांना ठाऊक असतं. काकांनी वासा उचलून एका गवताळ बेटाकडे दाखवलं, "हितनं लाँच जायची. आता गुरं चरतात."